एका लाइनवर तीन ऑफिसं

एकाच इंटरनेट लाइनवरच्या तीन ऑफिसांसाठी तीन घरगुती राउटर एकामागे एक जोडू नका, ही कळकळीची विनंती. नेट सगळीकडे सुरू होतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पण मागच्या राउटरवरचा माणूस पुढच्या, म्हणजे लाइनच्या जवळच्या, ऑफिसचा प्रिंटर, शेअर केलेली फोल्डरं गाठू शकतो, कारण त्याची वाट त्यांच्याच नेटवर्कमधून जाते. शेजारच्या लॅपटॉपवर एका सीएचं हिशेबाचं फोल्डर उघडताना मी पाहिलंय.

व्हीलॅन (एकाच जोडणीवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) चालणारा राउटर आणि मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याचे पोर्ट सेट करता येतात असा स्विच, घ्या. ऑफिसांना व्हीलॅन १०, २०, ३० द्या. पत्तेही तसेच ठेवा, १९२.१६८.१०.०/२४, १९२.१६८.२०.०/२४ (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे त्या ऑफिसात सारखे), म्हणजे आयपी बघताच ऑफिस कळतं. स्विचचा राउटरकडे जाणारा पोर्ट ट्रंक (सगळे व्हीलॅन वाहणारा), ऑफिसांचे पोर्ट, एकेकाच व्हीलॅनचे, अ‍ॅक्सेस.

आता खरी मेख. व्हीलॅन केले की नेटवर्क एकमेकांपासून वेगळी झाली असं नवखे धरून चालतात, पण बरेच राउटर त्यांच्यातली वाहतूक आपणहून पोचवतात. व्हीलॅन ते व्हीलॅन बंद, इंटरनेटकडे चालू, हा फायरवॉलचा, म्हणजे राउटरमधल्या वाहतूक गाळणाऱ्या यंत्रणेचा, नियम स्वतः लिहा. मग एका ऑफिसातून दुसऱ्यातल्या प्रिंटरला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते बघा. उत्तर आलं, तर ऑफिसची चावी देऊ नका, आधी नियम तपासा.

प्रत्येकाला स्पीडची मर्यादाही घाला. आणि कनेक्शन असं वाटून घेणं प्लॅनच्या अटींत बसतं का, ते इंटरनेट कंपनीला आधीच विचारा.