न्यायालयापर्यंत न पोचणाऱ्यांची मोजदाद

प्रश्न : आम्ही भावंडांनी वडिलांच्या नावाने एक लहानसा सार्वजनिक न्यास स्थापन केला आहे. वडिलांची उमेदीची वर्षे शेताच्या बांधावरून चाललेल्या दिवाणी दाव्यात गेली, म्हणून गरीब पक्षकारांच्या उपयोगी पडेल असे काही करण्याची आमची इच्छा आहे. विधी महाविद्यालयातील एक प्राध्यापक म्हणतात की, सामान्य माणसाला दिवाणी न्याय कितपत मिळतो याच्या संशोधनासाठी निधी द्या. मला मात्र वकिलाची फी भरणे सोडून अहवालावर खर्च करणे पटत नाही. आपले मत काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे; तरीही माझे मत प्राध्यापकांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण आपल्या वडिलांच्या दाव्यातच सापडते. ते न्यायालयात गेले, म्हणून त्यांच्या दाव्याला क्रमांक मिळाला आणि प्रलंबित प्रकरणांच्या आकड्यात त्यांची गणना झाली. पण त्याच गावात ज्याचा बांध कोरला गेला आणि जो वकिलाच्या खर्चाला भिऊन गप्प बसला, त्याची नोंद कुठे आहे? जी बहीण वारसाहक्काचा हिस्सा मागायला कचरली आणि हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाली, तिची नोंद कुठे आहे? राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिड या शासकीय संकेतस्थळावर दाखल दाव्यांचे आकडे कोणालाही पाहता येतात, परंतु दाखलच न झालेल्या तक्रारीचा मागमूस तिथे नसतो. शेतरस्त्याचा तंटा मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जातो, काही तंटे 2007 पासून गावोगावच्या तंटामुक्त समित्यांपुढे मिटले किंवा मिटवले गेले, आणि हेही त्या आकड्यांत येत नाहीत.

ही मोजदाद कशी करता येते, हे इंग्लंडमधील एका कामावरून समजते. नफिल्ड फाउंडेशन हा मोटार उद्योजक लॉर्ड नफिल्ड यांनी 1943 मध्ये स्थापन केलेला न्यास आहे. त्याच्या अर्थसाहाय्यातून हेझल गेन या विधी अभ्यासक विदुषीने इंग्लंड आणि वेल्समधील सामान्य कुटुंबांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष 1999 मध्ये 'पाथ्स टू जस्टिस' या ग्रंथात मांडले. ही पाहणी न्यायालयाच्या दप्तरापासून सुरू झाली नाही, ती लोकांच्या घरापासून सुरू झाली. घरमालक, नोकरी, कर्ज, शेजारी, विभक्त होणे यांबाबत सोडवायला अवघड अशी अडचण आली का, आणि आली तर तुम्ही काय केले, असे लोकांना विचारले गेले. मागील पाच वर्षांत सुमारे 40 टक्के प्रौढांना अशी किमान एक अडचण आली होती आणि त्यांतील न्यायालयापर्यंत गेलेले अगदी थोडे होते. त्यानंतर अनेक देशांनी याच पद्धतीने आपापल्या पाहण्या केल्या.

आपल्याकडे बंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने 2016 मध्ये अनेक राज्यांतील न्यायालयांच्या आवारात पक्षकारांना गाठून पाहणी केली. दिवाणी पक्षकाराला एका तारखेला सरासरी 497 रुपये खर्च येतो आणि बुडालेल्या कमाईपायी 844 रुपयांचे नुकसान होते, असे तिच्यात आढळले. तारखेमागे तारीख पडल्यावर या रकमा कुठवर जातात, हे आपल्या घराने अनुभवले आहे. मोफत वकील मिळाल्यानेही हा खर्च थांबत नाही, आणि आपण फीचाच विचार करत असल्यामुळे ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. त्याच संस्थेने पुढे न्यायालयाबाहेरच्या लोकांचीही पाहणी केली. परंतु देशभराच्या पाहणीतून एखाद्या तालुक्यात नेमके कुठे अडते हे दिसत नाही, आणि लहान न्यासाला हातभार लावता येतो तो इथेच.

हे काम शासनाने करावे, असे आपण म्हणाल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 4 मध्ये, गरिबांना विधी सेवांची गरज किती आहे यावर विशेष भर देऊन संशोधन करणे व त्याला चालना देणे हे केंद्रीय प्राधिकरणाचे कार्य म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. ते व्हावे, असा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. इंग्लंडमध्ये शासकीय विधी साहाय्य चालवणाऱ्या विधी सेवा आयोगाचा स्वतःचा संशोधन विभाग होता. 2013 मध्ये अनेक दिवाणी विषयांतील शासकीय विधी साहाय्य कायद्याने काढून घेतले गेले आणि त्याच वर्षी तो विभागही बंद झाला. मदत गेल्यावर लोकांचे काय झाले, हे मोजणारा शासनातला माणूसच नेमक्या त्या वेळी उरला नाही. त्यानंतर या प्रश्नाचा जो अभ्यास झाला, त्यातला बराच भाग विद्यापीठे आणि स्वतंत्र न्यास यांच्या बळावर झाला.

पैसे देण्यापूर्वी आपल्या न्यासपत्रातील उद्दिष्टांत अशा अभ्यासावरील खर्च बसतो का, हे पाहून घ्या. शंका असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात काम करणाऱ्या वकिलांचा सल्ला घ्या. रक्कम लहान असेल तर एकच तालुका आणि एकच प्रश्न निवडा, उदाहरणार्थ शेतरस्ता किंवा मुलींचा हिस्सा. प्रश्नावली मराठीत आणि गावच्या बोलीला धरून असावी. 'आपणास काही विधिविषयक समस्या आहे काय' असे विचारल्यास उत्तर 'नाही' असेच येईल. 'वाट कोणी अडवली का, मग कोणाकडे गेलात, परत का आलात' असे विचारल्यास माणूस बोलू लागतो. उत्तर देणाऱ्याची ओळख गुप्त राहील, निष्कर्ष कोणालाही गैरसोयीचे असले तरी प्रसिद्ध होतील, आणि त्यांची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला व तहसीलदारांना दिली जाईल, या तीन अटी देणगीच्या पत्रात लिहून घ्या. घरोघरी फिरणाऱ्या मुलामुलींना दिवसाचे पुरेसे मानधन आणि प्रवासखर्च मिळाला पाहिजे, कारण पाहणीचा खरा खर्च तोच असतो आणि पहिली कात्री बहुधा त्यालाच लागते.