एक सूत जाडीची फळी आणि घरचा ड्रम सँडर

मागच्या लेखात ओझरतं लिहिलं होतं की, पातळ फळ्या एकसारख्या करायला मी घरीच बनवलेला ड्रम सँडर वापरतो. म्हणजे सँडपेपर गुंडाळलेला, मोटरवर फिरणारा आडवा ड्रम आणि त्याच्याखाली टेबल; फळी दोन्हींच्या मधल्या फटीतून काढायची. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न आज घेतो.

मी सागाचे दागिन्यांचे डबे करतो. झाकणाला ३ मिलिमीटरची फळी लागते. थिकनेसरमधून काढली की तिच्या चिंधड्या होतात. त्यासाठी वेगळं मशीन बनवणं परवडेल का? – एक वाचक, नाशिक

थिकनेसर म्हणजे फळी रंधून एका जाडीला आणणारं मशीन. त्याची फिरती पाती लाकडावर आपटून कापतात. फळी जाड असली तर तो मार सोसते. एक सूत, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर उरलं की ती पात्याखाली फडफडते आणि लाकडाची रेषा उलटी आली तिथून ढलपी उडते. ड्रमवरचा सँडपेपर मारत नाही, खरवडतो. त्यामुळे गाठीची, वेड्यावाकड्या रेषांची फळीही शाबूत बाहेर येते.

पण एक गैरसमज आधीच काढून टाका. हे लाकूड कमी करायचं मशीन नाही. करवतीवर फळी ३.५ ते ४ मिलिमीटरला चिरा आणि वरचा अर्धा ते एक मिलिमीटर फक्त ड्रमवर काढा. पाच मिलिमीटरची फळी ड्रमवर तीनला आणायला बसलात तर दुपार जाईल, पेपर जळेल आणि शिव्या मला घालाल. महिन्यातून चार डबे करत असाल तर मशीन जरूर बनवा. वर्षातून दोनच करत असाल, तर धारदार हातरंधा आणि थोडा संयम पुरे.

ड्रम कशाचा करावा? माझ्याकडे ४ इंची पीव्हीसी पाइप पडून आहे. – कोल्हापूर

तो पाइप पाण्यालाच राहू द्या. पीव्हीसी पाइप दिसतो गोल, पण तंतोतंत गोल नसतो. शिवाय घर्षणाच्या उष्णतेने मऊ पडतो.

१८ मिलिमीटर एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीच्या) सुमारे १३० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या कापा. १७ चकत्या एकमेकींना चिकटवल्या की ३०६ मिलिमीटरचा ड्रम तयार होतो. मधून २० मिलिमीटरचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी दांडा, घाला आणि ड्रम त्यावर फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना आरपार पिन मारा. दांड्याची टोकं पेलायला दोन पिलो ब्लॉक बेअरिंग (ठोकळ्यात बसवलेली, बोल्टने आवळायची बेअरिंग) घेतली की निम्मं काम झालं.

चकत्या कितीही जपून कापल्या तरी ड्रम आधी वाकडाच फिरणार. त्याला सरळ करायचं ते मशीनवर बसवल्यावरच. सपाट एमडीएफच्या फळीवर ६० नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) चिकटवा, ती फळी मशीनच्या टेबलावर ठेवा, ड्रम चालू करा आणि टेबल केसभर वर घेत फळी डावी-उजवीकडे सरकवत राहा. पहिल्यांदा ड्रम एकाच बाजूला घासला जातो आणि आवाज खर्र-खर्र असा तुटक येतो. हळूहळू तो अखंड होतो. आवाज अखंड झाला की ड्रम गोल झाला, आणि टेबलाला समांतरही झाला, कारण टेबलानेच त्याला घासलं. हा टप्पा टाळून लेथवर ड्रम करून आणणारे पुढे महिनाभर फट मोजत बसतात. शेवटी पातळ केलेल्या पॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर एमडीएफवर पेपर धरत नाही.

टेबल मागच्या बाजूला बिजागरीवर आणि पुढे एम १० बोल्टवर ठेवा. बिजागरी ड्रमला समांतर हवी. या बोल्टचा आटा १.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला तो तेवढा सरकतो. ड्रम बिजागरी आणि बोल्ट यांच्या बरोबर मधोमध असेल, तर बोल्टचा पाव फेरा म्हणजे ड्रमखाली जवळजवळ ०.१९ मिलिमीटर. ८० नंबरच्या पेपरला एका पासमध्ये, म्हणजे फळी एकदा ड्रमखालून काढताना, एवढंच पुरे. १२० नंबरला त्याच्या निम्मं.

बंद पडलेल्या घरघंटीची १ एचपीची मोटर आहे. पाटीवर २८०० आरपीएम लिहिलंय. चालेल ना? – सातारा

मोटर चालेल, फेरे चालणार नाहीत. घासून १२५ मिलिमीटरचा उरलेला ड्रम २८०० ने फिरवला तर त्याचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ११०० मीटर धावतो. पातळ फळीवर त्या वेगात करपल्याचे काळे पट्टे उठतात. मोटरवर २ इंची आणि ड्रमवर ४ इंची पुली लावा. फेरे १४०० वर येतात, वेग ५५० मीटरवर. तेवढा हवा. बेल्टवर जाळी लावा. वीज जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होणार नाही, असा स्विच बसवा.

२५० मिलिमीटर रुंद फळी काढली तर एक कड ३ मिलिमीटर भरते, दुसरी ३.३. शिवाय शेवटच्या दोन इंचांत खळगा पडतो. – पुणे

हे दोन वेगळे दोष आहेत. कडांमधला फरक म्हणजे ड्रम टेबलाला समांतर राहिलेला नाही. बहुधा बेअरिंगचे बोल्ट ढिले झालेत. आधी ते आवळून पाहा. तरी फरक राहिला तर हिशेब सोपा आहे. २५० मिलिमीटरला ०.३ चा फरक, आणि दोन बेअरिंगमधलं अंतर ४०० असेल तर बेअरिंगपाशी तो ०.४८ होतो. ज्या बाजूची कड पातळ येते, त्या बाजूचं बेअरिंग तेवढं उचला. थंड पेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. पाच तुकडे कापून बेअरिंगखाली सरकवा. मग मोठी फळी न घालता, एकाच पट्टीचे दोन तुकडे ड्रमच्या दोन टोकांखालून काढा आणि व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या मापाने) मोजा.

शेवटचा खळगा हा फळी उचलली गेल्याचा परिणाम. पातळ फळीला स्वतःचं वजन नसतं. तिला १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या पाटावर बसवून काढा. पाटाला मास्किंग टेप, फळीच्या खालच्या अंगाला मास्किंग टेप, आणि दोन टेपांच्या मध्ये सुपर ग्लूचे थेंब. काम झालं की टेप सोलली जाते, फळीला डाग नाही. पाटाच्या तुमच्याकडच्या कडेला दीड मिलिमीटरची ठोकर (फळी अडवणारी पट्टी) लावा, कारण ड्रम फळी तुमच्याकडेच ढकलत असतो.

आता हे नीट वाचा. फळी नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने घालायची. मी एकदा घाईत शिसवीची २ मिलिमीटरची पट्टी मागच्या बाजूने घातली. हातातून कधी गेली ते कळलंच नाही. समोरच्या शटरला तिने पाडलेला पोचा अजून आहे. तिथे कोणी उभं असतं तर? बोटांनी पातळ फळी ढकलू नका, दुसऱ्या फळीने ढकला.

पेपर सारखा सुटतो आणि लवकर भरतो. वेलक्रो लावू का? – रत्नागिरी

वेलक्रोने पेपर बदलणं सोपं होतं, पण त्याखाली गादी तयार होते आणि फळीच्या कडा गोलावतात. डब्याच्या झाकणाला ते दिसतं. मी कापडी पाठीच्या रोलची ७५ मिलिमीटर रुंद पट्टी थेट चिकटवतो. ती नागमोडी नाही, मळसूत्री गुंडाळायची. १२५ च्या ड्रमचा परीघ ३९३ मिलिमीटर, म्हणून पट्टीचं टोक असं तिरकं कापा की कापलेली कड ३९३ भरेल. मग ती ड्रमच्या टोकाशी तंतोतंत जुळते. पट्टीवर पट्टी चढू देऊ नका, चढली तिथे फळीवर रेघ उठते. ड्रम फिरताना पट्टी आवळली जाईल अशा दिशेने गुंडाळा; उलट गुंडाळली की सुटणारच.

पेपर भरतो तो चिकाने. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन असेल तर ठरलेलंच. चालू ड्रमला क्रेप रबराचा ठोकळा टेकवा, चीक रबराला चिकटून निघतो. जुन्या क्रेप सोलच्या बुटानेही हे काम होतं. माझा एक बूट गेली कित्येक वर्षं त्याच नोकरीत आहे.

फ्लॅटच्या गॅलरीत चालवू शकतो का? – ठाणे

शेजाऱ्यांशी वैर घ्यायचं असेल तर. लाकडाच्या धुळीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून केली आहे, आणि ड्रमची धूळ रंध्याच्या भुशापेक्षा कितीतरी बारीक असते. ड्रमवर बंद पेटी, तिला डस्ट कलेक्टर आणि तोंडाला एन ९५ मास्क, एवढं नसेल तर मशीन सुरू करू नका.

युकुलेले बनवायला घेतला आहे. आणि सतारीची तबलीही यावर होईल का? – मिरज

युकुलेलेची वरची फळी साधारण २ मिलिमीटरची. ड्रमवर २.२ ला थांबा, उरलेलं हाताने घासा. दोन्ही बाजू आळीपाळीने काढा, कारण एकच बाजू सलग तापली की पातळ फळी पन्हाळीसारखी वळते. वळलीच तर दोन सपाट फळ्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवा आणि जाडी सकाळी मोजा.

सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी लाकडी फळी, मात्र सपाट नसते, तिला फुगवटा असतो. ड्रम तो खाऊन टाकेल. आणि हा प्रश्न मिरजेहून मला विचारता? तुमच्या गल्लीतले सतारमेकर तुणीच्या लाकडावर बोट वाजवून सांगतात की अजून कुठे खरवडायचं. माझं व्हर्नियर तिथे खिशातच राहील. तबलीसाठी त्यांच्याकडेच जा, आणि युकुलेलेची फळीही एकदा वाजवून घ्या.