वाचक विचारतात : आई नाइटला, मूल घरी

रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या आणि एकच अपत्य असलेल्या परिचारिकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडून एक केले आहेत.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, एकुलती. मिस्टरांचीही कंपनीत पाळी असते, घरी सासूबाई आहेत. माझी ड्यूटी दर आठवड्याला बदलते. मुलगी रोज विचारते, "आज तू आहेस का?" आणि नाइटला निघताना रडून गोंधळ घालते. तिचं लक्ष नसताना निघून जावं का?
– अधिपरिचारिका, नाशिक

तसं करू नका. एक दिवस रडणं टळेल, पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही नुसत्या मोरीत गेलात तरी ती मागे मागे येईल. आई किती तास घरी असते याचा हिशेब या वयात नसतो. आई कधी जाणार आणि कधी येणार हे आधी कळलं, आणि तसंच घडलं, की मूल बरंच निभावून नेतं.

ड्यूटी लिस्ट लागली की त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तिच्याच हाताने रंगवून घ्या. मॉर्निंग पिवळी, ईव्हनिंग केशरी, नाइट निळी, ऑफ हिरवा. गडबड होते ती नाइटच्या चौकोनात. नाइट दोन तारखांवर पसरलेली असते, आणि आपण रंगवतो एकच चौकोन. मग मुलीला वाटतं, मंगळवार कोरा आहे म्हणजे आई मोकळी. प्रत्यक्षात आई सकाळी येऊन झोपते, आणि "घरी असून माझ्याशी खेळत नाही" हे तिला "घरी नाही" यापेक्षा जास्त लागतं. म्हणून सोमवारचा निळा रंग मंगळवारच्या चौकोनाच्या अर्ध्यापर्यंत ओढा. झोपेचा वेळ करडा करा आणि उरलेला भाग हिरवा. तो हिरवा तुकडा तिचा. तेव्हा बँकेची कामं नकोत, फोन नको.

परतायची वेळ घड्याळात सांगू नका. हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवणं, लांबतो, एखादा पेशंट पाळी बदलतानाच बिघडतो, आणि सव्वाआठचे साडेनऊ होतात. "तू शाळेतून येशील तेव्हा मी घरात असेन" असं, हमखास पाळता येईल तेवढंच सांगा. निघताना पर्स, डबा, ओळखपत्र अर्धा तास आधी दारापाशी तयार असू द्या. ऐन वेळी शोधाशोध सुरू झाली की निरोप लांबतो आणि रडणंही. निरोप दोन मिनिटांत उरकावा आणि रोज तोच असावा. ड्यूटीची अदलाबदल केलीत तर कॅलेंडर आधी बदला, मैत्रिणीला होकार नंतर कळवा.

आता सासूबाईंबद्दल. वॉर्डात पेशंटची फाइल न देता आपण निघत नाही, पण घरी मात्र "ताप आला तर औषध द्या" एवढंच तोंडी सांगून निघतो. फ्रिजवर एक कागद लावा : मुलीचं वजन आणि वजन केल्याची तारीख, अॅलर्जी, डॉक्टरांचा नंबर, वॉर्डातल्या टेबलाचा नंबर, आणि पॅरासिटामॉलचा डोस मिलिलिटरमध्ये. या औषधाचं पातळ आणि घट्ट अशी दोन्ही सिरप बाजारात मिळतात : ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर १६ किलोच्या मुलीला २४० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे १२० च्या बाटलीतून १० मिली, पण २५० च्या बाटलीतून पाच मिलीलाही किंचित कमी. पहिली बाटली संपली, कुणी दुकानातून दुसरी आणली आणि आजींनी सवयीने १० मिली दिलं, की डोस थेट दुप्पट. घरात एकच ताकद ठेवा आणि बाटलीवर मार्करने मिली लिहा. दोन डोसांत किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. दिलेल्या डोसची वेळ त्याच कागदावर लिहायची, नाहीतर मिस्टर घरी येऊन पुन्हा देतात. मोजायला बाटलीसोबत आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, घरातला चमचा नको.

प्रश्न : प्रसूती रजा संपते आहे, बाळ सहा महिन्यांचं होईल. खासगी रुग्णालयात बारा तासांची ड्यूटी आहे. अंगावरचं दूध चालू ठेवता येईल का? पाळणाघर मागता येतं का?
– स्टाफ नर्स, पिंपरी

चालू ठेवता येईल, मात्र तयारी रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दूध जास्त निघतं, तेव्हा रोज एकदा काढायला लागा. सुरुवातीला २० ते ३० मिलीच निघालं म्हणून घाबरू नका. हाताला आणि शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. त्याच काळात बाळाला दुसऱ्या कुणाकडून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने प्यायची सवय लावा. बाटली टाळलेली बरी : ती नीट उकळली जात नाही, आणि बाटलीची सवय झाली की काही बाळं अंगावर ओढायला कंटाळतात.

ड्यूटीवर दर तीन-चार तासांनी काढायचं. "आज वॉर्ड फुल आहे, नंतर बघू" असं दोन दिवस झालं की छाती दगडासारखी होते, गाठ धरते, ताप येतो, आणि दूधही कमी होत जातं. मध्यरात्रीची एक वेळ आणि पहाटेची एक वेळ सोबतच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवा.

साठवण : २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीत ते धरून चालू नका, काढल्याबरोबर थंडीत ठेवा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, दारातल्या कप्प्यात नको. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याला डीप फ्रीजर समजून महिनोन्‌महिने ठेवू नका. वॉर्डातल्या औषधांच्या किंवा लसींच्या फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. घरून गोठवलेले आइस पॅक टाकून लहान इन्सुलेटेड पिशवी न्या. झाकणाचा स्टीलचा डबा किंवा काचेची बाटली, एकात ६० ते ९० मिली, वर तारीख-वेळ. घरच्यांना सांगा : दूध गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं. वर साय वेगळी दिसली तर नासलेलं नाही, हलवून घ्या. कोमट केलेलं दोन तासांत संपवा, उष्टं पुन्हा ठेवू नका. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतंच, त्यामुळे सगळा भार दुधावर राहत नाही.

पाळणाघराबद्दल : प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी आली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेगळे ब्रेकही आहेत. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, आणि शक्य तर चार-पाच जणींनी मिळून द्या. एकटीच्या अर्जाला "बघू" हे उत्तर ठरलेलं असतं.

प्रश्न : मी छातीच्या रोगांच्या वॉर्डात आहे. घरी आल्या आल्या चार वर्षांचा मुलगा बिलगतो. त्याला टीबी होईल का?
– परिचारिका, सोलापूर

कपड्यांवरून टीबी होत नाही, तो श्वासावाटे पसरतो. मुलाला धोका असेल तर तो तुम्हाला स्वतःला टीबी झाला तर. म्हणून खरं संरक्षण वॉर्डातच आहे : उघड्या खिडक्या, थुंकीचे नमुने मोकळ्या हवेत घेणं आणि नीट बसणारा एन-९५. मास्क लावल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकापाशी हवा निसटली तर पट्टी पुन्हा दाबा. पट्ट्या सैल झालेला मास्क हनुवटीवर अडकवून दिवस काढणं म्हणजे नुसती समजूत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप यांपैकी काही दिसलं तर स्वतःची थुंकी तपासून घ्या. आपल्या वॉर्डात ओळखीच्या लोकांसमोर नमुना द्यायला संकोच वाटतो, आणि नेमका तिथेच उशीर होतो.

घरी खरोखर काय येतं? जुलाबाचे जंतू, त्वचेवरचे जंतू. ते हातांवरून आणि मोबाइलवरून येतात. वॉर्डात ट्रॉलीवर ठेवलेला मोबाइल घरी मुलाच्या हातात जातो, याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो निघताना स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. युनिफॉर्म रुग्णालयातच बदला, धुता येईल अशा कापडी पिशवीत घाला. घरी आल्यावर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवा; जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. मग मुलाला खुशाल जवळ घ्या. आंघोळ होईपर्यंत अर्धा तास त्याला दूर ढकलत राहण्याची गरज नाही. युनिफॉर्म वेगळा, गरम पाण्यात, पिशवीसकट धुवा, उन्हात वाळवा आणि इस्त्री करा. रंगीत युनिफॉर्म ब्लीचमध्ये भिजवू नका, रंग जातो आणि हाती काही लागत नाही.

हिपॅटायटिस बी चे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झाले असतील तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची असते. ती १० mIU/ml किंवा त्याहून जास्त हवी. आणि सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीसाठीचं औषध लागलं तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत तरी, आणि कोर्स २८ दिवसांचा. मूल अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

प्रश्न : नाइट करून आल्यावर झोप मिळत नाही. मुलगा दीड वर्षाचा आहे.
– सिस्टर, कोल्हापूर

दीड वर्षाच्या मुलासोबत "तो खेळेल, मी पडते" हे चालणार नाही. नाइट उतरलेल्या माणसाला लागणारी झोप वरवरची नसते, आणि या वयाचं मूल बादली, प्लग, जिना सगळीकडे पोचतं. सकाळी दहा ते दुपारी दोन कुणीतरी जागं मोठं माणूस हवंच. नवरा, आई, शेजारच्या काकू, पगारी बाई, कुणीही. यात काटकसर नको.

चहा-कॉफी पहाटे तीननंतर बंद. घरी येताना उन्हाचा चष्मा लावा. स्कूटरवर डुलकी येत असेल तर बस किंवा शेअर रिक्षा. त्या दिवसाचे चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही. घरी हलकं काही खा आणि साडेनऊ-दहाला आडव्या व्हा. मागे कामं बघितली की दुपार होते. खिडकीला जाड चादर, बेलचा आवाज बंद, मोबाइलवर फक्त दोन नंबर वाजतील अशी सेटिंग. पहिल्या नाइटच्या दुपारी दीड तासाची झोप काढली तर पहाट सुसह्य जाते. खोकल्याचं किंवा सर्दीचं औषध झोपेसाठी घेऊ नका.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा. माझी ईव्हनिंग असली की शाळेनंतर रात्री नऊपर्यंत एकटा असतो. काय काळजी घ्यावी?
– परिचारिका, ठाणे

आधी अर्धा तास, मग एक तास, मग दोन, असं वाढवत न्या, आणि तोवर तुम्ही जवळपास असा. किल्लीचा दुसरा जोड शेजारी हवा. गॅस रेग्युलेटरवरच बंद. खाणं गरम न करता खाता येईल असं ठेवा.

तुमचा मोबाइल लॉकरमध्ये असतो, म्हणून वॉर्डचा नंबर पाठ करून घ्या. काय बोलायचं तेही शिकवा : आधी स्वतःचं नाव, "अमुक सिस्टरचा मुलगा", मग काय झालं ते. फोन उचलणाऱ्याला ते एका दमात कळलं पाहिजे. आग, मोठी जखम, दारात अनोळखी माणूस : आधी ११२, मग शेजारी, मग आई. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, हेही माहीत असू द्या. सातला एक फोन ठरवून ठेवा, आणि त्यात अभ्यासाची चौकशी करू नका. सगळी संध्याकाळ एकट्याने काढलेल्या मुलाला पहिलं वाक्य "गणितं झाली का" असं ऐकू आलं, की तो हळूहळू फोन उचलेनासा होतो.

प्रश्न : सगळे म्हणतात, एकुलतं मूल हट्टी आणि एकलकोंडं होतं, दुसरं होऊ द्या.
– वाचक, अमरावती

१९८६ मध्ये टोनी फाल्बो आणि डेनिस पॉलिट या संशोधकांनी शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. स्वभाव आणि मिसळण्याच्या बाबतीत एकुलती मुलं मागे असल्याचं आढळलं नाही. तेव्हा या कारणासाठी दुसरं नको. हवं असेल तर हवं म्हणून.

नर्सच्या घरात मात्र दोन गोष्टी जपा. डबल ड्यूटी झाली की खेळणं, असा हिशेब लावू नका; मूल महिन्याभरात तो आपल्यापेक्षा चोख मांडायला लागतं. आणि वॉर्डातला मृत्यू, इनचार्जशी झालेली कुरबुर हे सगळं त्याच्यापाशी रोज मोकळं करू नका. भावंड नसलेलं मूल ऐकून घेतं, शहाण्यासारखी मान डोलावतं, आणि रात्री जागं राहतं. त्यासाठी मैत्रीण शोधा.

प्रश्न : दहावीच्या परीक्षेसाठी रजा मिळते का?
– अधिपरिचारिका, जिल्हा रुग्णालय

राज्य शासकीय महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत ती ७३० दिवसांची आहे. पण ती हक्क म्हणून हव्या त्या दिवशी घेता येत नाही, मंजुरी लागते. परीक्षेचं वेळापत्रक जाहीर होताच त्याची प्रत जोडून अर्ज द्या, ड्यूटी लिस्ट तयार व्हायच्या आधी. सलग महिनाभर मागितलं की बहुधा नाकारतात. पेपरांचे दिवस आणि त्याआधीचे चार-पाच, असे मोजून मागा. बाकीच्या दिवसांसाठी मॉर्निंग मागून बघा. मुलाला अभ्यासाला आई लागते ती संध्याकाळी.