सत्तर या आकड्यापाशी जरा थांब

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली लिस्ट वाचली. एका आकड्याचे चाळीस गुणधर्म, आणि त्यातले निम्मे असे की कुठल्याही आकड्याला चिकटवता येतील. सम आहे, ७ ने भाग जातो, शेवटी शून्य येतं, बरं मग? शेवटचं शून्य तर आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून येतं, आठचा पाया धरून लिहिलं तर ७० म्हणजे १०६ होतो. विभाजक मात्र कसंही लिहिलं तरी तेच राहतात, म्हणून सुरुवात तिथून करायची.

७० चे विभाजक (तो स्वतः सोडून) १, २, ५, ७, १०, १४, ३५. बेरीज ७४, म्हणजे आकड्यापेक्षा जास्त. अशा संख्यांना विपुल म्हणतात आणि त्या ढिगाने सापडतात, त्यात काही विशेष नाही. गंमत पुढे आहे. यातले काही विभाजक निवडून बरोब्बर ७० करून दाखव. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ३५, १४, १०, ७ घेतले, ६६ झाले, २ आणि १ टाकून ६९, एकाने हुकलं, मग २ आणि १ काढून ५ टाकला तर ७१! अख्खी संध्याकाळ असंच उलटसुलट करत बसलो आणि उत्तर मिळेना, कारण ते नाहीच. आणि हे दिसायला एक ओळ पुरते, बेरीज ७४ आहे, तर बेरीज बरोब्बर ४ होईल असे विभाजक वगळायला हवेत, पण ५ पासून पुढचे सगळे मोठे, आणि १ आणि २ मिळून तीनच होतात. संपलं.

आता १२ घे. विभाजकांची बेरीज १६, इथेही जास्तीचे ४ च, पण ४ हा स्वतःच विभाजक आहे, तो काढला की १, २, ३, ६ मिळून १२. जादा तेवढाच, पण एक जमतो आणि एक नाही. ७० सारख्या न जमणाऱ्या विपुल संख्यांना विअर्ड नंबर म्हणतात आणि ७० त्यातली सगळ्यात लहान. विषम विअर्ड नंबर आजवर एकही सापडलेला नाही, आणि तो असूच शकत नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

अजून एक. १ ते २४ चे वर्ग मिळवले तर ४९०० येतात, म्हणजे ७० चा वर्ग. तोफगोळ्यांचा चौकोनी पायाचा ढीग (वरून खाली १, ४, ९ असे थर) मोडून ते सगळे एका सपाट चौकोनात मांडता येतील का, हा तो प्रश्न. गणिती ल्युका यांनी १८७५ मध्ये विचारला, आणि एका गोळ्याचा फालतू ढीग सोडला तर २४ थरांशिवाय दुसरं उत्तरच नाही हे वॉटसन यांनी १९१८ मध्ये सिद्ध केलं. त्या ४९०० ची दुप्पट ९८००, त्यात १ मिळव, ९९ चा वर्ग! म्हणूनच ९९/७० हे दोनच्या वर्गमुळाला इतकं जवळ आहे. या दोन गोष्टींचा विअर्ड असण्याशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही, उगाच जोडू नकोस.

लिस्ट बाजूला ठेव. पुढचा विअर्ड नंबर ८३६ आहे, त्याचे विभाजक हाताने मांड, जादा किती येतात बघ आणि लहान विभाजकांकडे नीट बघून मला कळव.

तुझा,
काका