दयाळ गप्प का होतो?

दयाळ पक्षी उन्हाळ्यात पहाटे जीव ओतून गातो आणि विणीचा हंगाम सरला की गप्प होतो, असं का, हे तू विचारलंस. बऱ्याच पक्ष्यांत दिवस मोठा होऊ लागला की वृषणं वाढतात, टेस्टोस्टेरॉन हे नरांचं संप्रेरक चढतं आणि गाणं सुरू होतं; हंगाम सरला की ते उतरतं आणि गाणंही थांबतं.

वाचायला सुरुवात कॅनरी या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यापासून कर. नॉटेबोम आणि अर्नोल्ड या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवलं की नर कॅनरीच्या मेंदूतली गाण्याची केंद्रं मादीपेक्षा बरीच मोठी असतात. १९८१ मध्ये नॉटेबोमना आढळलं की नरात ती वसंतात वाढतात आणि शरदात आक्रसतात. प्रौढ मेंदू बदलत नाही असं मानलं जाण्याचा तो काळ! आजही ते वाचताना अंगावर काटा येतो.

पण 'टेस्टोस्टेरॉन म्हणजे गाणं' असं धरून चालू नकोस. ते दिल्यावर कॅनरीची मादी गाऊ लागते, झेब्रा फिंच या दुसऱ्या छोट्या पक्ष्याची प्रौढ मादी मात्र गात नाही. तिच्या मेंदूची घडण पिल्लू असतानाच ठरून गेलेली असते.

आणि गाणारा प्रत्येक पक्षी नर म्हणून नोंदवू नकोस. उष्ण कटिबंधात गाणाऱ्या माद्या पुष्कळ आहेत. दयाळाची राखाडी मादीसुद्धा नर जवळ असताना कधीकधी थोडं गाते. आधी दुर्बिणीतून रंग बघ, मग वहीत लिही.