अल्बम तयार, कंपनी गप्प

मागच्या खेपेला रेकॉर्ड कंपनीचा करार कसा वाचावा यावर लिहिलं, आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं रडगाणं एकच, सही आधी केली, वाचलं नंतर. त्यातले सहा प्रश्न इथे घेतलेत. नावं अर्थातच गाळलीत. कोल्हापुरात सकाळी गायकाचं नाव छापलं तर संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर निकाल लागलेला असतो.

प्रश्न : आठ गाण्यांचा पॉप अल्बम राजारामपुरीतल्या स्टुडिओत स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड केला आणि मुंबईच्या एका कंपनीला हक्क लिहून दिले. दीड वर्ष झालं, ‘मार्केट बघून काढू’ एवढंच ऐकतोय. तीन वर्षं दुसऱ्या कंपनीसाठी गायचं नाही अशीही अट आहे. मीच यूट्यूबवर टाकून दिला तर? (कसबा बावडा)

टाकू नका. कंपनीचा मालकीचा क्लेम येईल, स्ट्राइक म्हणजे यूट्यूबचे इशारे बसतील, चॅनलच जाईल. भांडणात तुमची बाजू खरी असली तरी पहिली चूक तुमची दिसेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ‘स्वतःच्या पैशाने’. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक ते करून घेणारा निर्माता असतो, गायक नसतो. कंपनीने स्टुडिओ, अरेंजर आणि वादकांची बिलं भरली असती, तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, जन्मापासून कंपनीचाच झाला असता. इथे निर्माते तुम्ही आहात, म्हणजे कंपनीकडे फक्त तुम्ही लिहून दिलेले हक्क आहेत. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते हस्तांतर संपलं असं धरायचं. मात्र पुढे एक शेपूट आहे, ‘करारात वेगळं लिहिलं नसेल तर’. कंपन्यांचे वकील हे शेपूट चांगलं ओळखून असतात. तुमच्या प्रतीत कलम १९ पोटकलम ४ लागू नाही अशा अर्थाचं वाक्य आहे का, ते आज रात्रीच बघा. नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्या, त्यात कराराची तारीख आणि वर्ष उलटल्याची तारीख ठळक टाका. स्टुडिओची बिलं, बँकेच्या नोंदी आणि सेशनची हार्ड डिस्क जपून ठेवा. ती डिस्क ‘बघायला’ म्हणूनसुद्धा कुणाला देऊ नका.

आता तीन वर्षांची अट. मुदत चालू असेपर्यंत ती बऱ्यापैकी टिकते. न्यायालय तुम्हाला जबरदस्तीने गायला लावत नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून रोखू शकतं. मुदत संपल्यावर मात्र कंपनीने ‘पुढचा अल्बम आधी आम्हालाच दाखवायचा’ म्हटलं, तर क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल पुढे करा. तिथे वाद जाहिराती मिळवून देणाऱ्या एजन्सीशी होता, पण मुद्दा हाच होता. करार संपल्यानंतरचं असं बंधन कोर्टाने अवैध ठरवलं.

प्रश्न : कंपनीने माझ्या अल्बमवर सहा लाख खर्च केले. तेवढे पैसे तिला परत आले असं तीच सांगते. तरी हिशेबात माझ्या नावावर पाच लाखांच्या वर येणं दाखवलंय. ही लबाडी आहे का? (शाहूपुरी)

लबाडी नाही, आणि तेच वाईट आहे. तुम्ही पाठवलेला कागद समोर आहे. ॲडव्हान्स १ लाख, रेकॉर्डिंग दीड लाख, व्हिडिओ साडेतीन लाख, एकूण ६ लाख. तुमची रॉयल्टी १५ टक्के. उत्पन्न ६ लाख झालं. तुम्ही म्हणता, फिटलं. कंपनी म्हणते, वसुली एकूण उत्पन्नातून होत नाही, तुमच्या १५ टक्क्यांतून होते. म्हणजे फिटले ९० हजार, उरले ५ लाख १० हजार. तुमच्या हातावर पहिला रुपया पडायला गाण्यांनी ४० लाख कमवायला हवेत. तोवर कंपनी खर्च वजा जाता ३४ लाखांवर बसलेली असेल.

दिलासा एवढाच की हे येणं साधारणपणे रॉयल्टीतूनच वळतं होतं, खिशातून भरावं लागत नाही. तरी करारातले शब्द तपासा. पुढच्या वेळी व्हिडिओचा निम्माच खर्च तुमच्या नावावर घ्या, पहिल्या अल्बमची तूट दुसऱ्याच्या कमाईतून कापायची नाही हे लिहून घ्या आणि वर्षातून एकदा हिशेब तपासायचा हक्क मागा.

१९९७ साली माझ्या स्वतःच्या भावगीतांच्या कॅसेटच्या हिशेबात दहा टक्के ‘तुटफूट’ कापली होती. मी मान डोलावली. पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसासारख्या ठेवलेल्या कॅसेटी कुठे फुटल्या, हे विचारायचं धाडस नव्हतं. परवा एका मुलाच्या करारात, जिथे गाणं फक्त मोबाइलवर वाजणार आहे, ‘पॅकेजिंग कपात’ वाचली आणि जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे, टीव्हीवरच्या स्पर्धेत गाजली. एक कंपनी पाच अल्बमचा करार मागतेय. घरात दोन तट पडलेत. (इचलकरंजी)

मी ‘नको’ म्हणणाऱ्यांच्या तटात. अमेरिकन पॉप गायिका जोजोची गोष्ट मुलीला सांगा. बाराव्या वर्षी कंपनीशी करार झाला, २००४ ला पहिला अल्बम आला, तुफान चालला. दुसरा २००६ ला. तिसरा थेट २०१६ ला! मधली दहा वर्षं पोरगी गात होती, गाणी ध्वनिमुद्रित होत होती, पण कंपनीचं वितरणाचं गाडं कोसळलं होतं. कंपनी अल्बम काढेना आणि गायिकेला सोडेना. २०१३ ला ती कोर्टात गेली आणि तिथून सुटका झाली. पुढे तर जुनी गाणी स्ट्रीमिंगवर मिळेनात म्हणून २०१८ ला तिने पहिले दोन्ही अल्बम नव्याने गाऊन काढले. बाराव्या वर्षीच्या सहीने विशी खाल्ली.

आपल्याकडे अज्ञानाने, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. म्हणून कंपनी सही तुमची घेईल आणि ‘मुलगी गाईल’ ही हमीही तुमच्याकडूनच. मोडला तर नोटीस तुमच्या दारात येईल. करायचंच असेल तर एक अल्बम करा, काढायची शेवटची तारीख घाला आणि तारीख चुकली तर करार संपला असं लिहा. अठरा पूर्ण झाल्यावर पुढे जायचं की नाही, हे तिने ठरवायचं. व्हिडिओच्या शूटिंगला, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे. कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. कंपनीला हा नियम आपणहून विचारा. ती कशी उत्तर देते त्यावरून बरंच कळतं.

प्रश्न : मी गीतकार. गाण्यामागे पाच हजार घेऊन ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून दिले. आता अल्बम गाजतोय. माझं संपलं का? (गडहिंग्लज)

नाही. करार २०१२ च्या जूननंतरचा असेल, तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कुणालाही लिहून देता येत नाही, वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून. लिहून दिला असला तरी ते कलम रद्द. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या आणि गाण्यांची नोंद करा, नाहीतर हक्क कागदावर आणि पैसे भलतीकडे. गायकांनाही आता कलाकार म्हणून रॉयल्टी आहे.

हे सहज मिळालं नाही. कोवळ्या वयात इथे कोल्हापुरात, मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत उमेदवारी केलेल्या लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा मुद्दा लावून धरला. महंमद रफींचं म्हणणं होतं, मानधन मिळालं की विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. रफींचा सज्जनपणा मला प्रिय, पण हिशेबात दीदी बरोबर होत्या.

प्रश्न : टेलर स्विफ्टसारखे जुने अल्बम पुन्हा गाऊन काढता येतील का? (ताराबाई पार्क)

दोन अटी आहेत. एक, करारातली पुन्हा न गाण्याची मुदत संपलेली हवी. दोन, शब्द आणि चाल तुमची हवी किंवा त्यांच्या मालकांची परवानगी हवी. २०१९ ला या अमेरिकन गायिकेची जुनी कंपनी विकली गेली, कंपनीसोबत तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टरही गेले. पण ती गाणी लिहिण्यात तिचा हात होता, म्हणून २०२१ पासून ती एकेक अल्बम नव्याने काढू शकली. २०२५ ला तिने मूळ मास्टर विकतच घेतले. तुमची चाल तुमच्या मित्राची आहे असं पत्रात दिसतं. आधी त्याच्याशी बोला.

प्रश्न : कोल्हापूरला सर्किट बेंच आलं, मग कंपनीवर थेट तिथेच दावा लावू का? (उचगाव)

मुंबई उच्च न्यायालयाचं हे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, पण दावा खालून सुरू होतो. कुणी तुमचं गाणं चोरलं असेल, तर तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. भांडण कराराचं असेल आणि ‘फक्त मुंबईचं न्यायक्षेत्र’ असं वाक्य असेल, तर बहुधा महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढावं लागेल. व्यापारी दाव्यात तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिथेच मिटलेली दोन प्रकरणं माझ्या पाहण्यातली आहेत. दोन्हींत कंपनीने पैसे दिले नाहीत, मास्टर परत दिला. गायक खूश होऊन परतले.