घर बदललं, शिफ्ट बदलली, आता उपासनेचं काय?

चाळ पाडली, तात्पुरतं घर कल्याणला, त्यात रविवारची ड्युटी. तुझा बाप्तिस्मा होऊन वर्षही झालेलं नाही, त्यामुळे सगळं विस्कटल्यासारखं वाटणारच.

आधी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय वाच. यरुशलेमहून बाबेलात बंदी करून नेलेल्या लोकांना तो पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणाला सत्तर वर्षं. (बिल्डरने दिलेल्या तारखेवर मी फार विसंबणार नाही, एवढंच म्हणतो.) तेव्हा ‘परत गेल्यावर बघू’ म्हणून थांबू नकोस. आपल्या पाळकांना आजच कळव आणि कल्याणमधली मराठी मंडळी, म्हणजे चर्च, शोध. रविवार जमत नसेल तर आठवड्यातली प्रार्थनासभा धर. नुसती मोबाईलवरची उपासना मला पुरेशी वाटत नाही. आजारी पडलास तर डबा घेऊन कोण येणार?

लोकलमध्ये मोठं वाचन होत नाही, हट्टही धरू नकोस. स्तोत्रं १२० ते १३४ घे. यरुशलेमच्या वाटेवर यात्रेकरू ती म्हणत, असं मानतात. बहुतेक अगदी छोटी आहेत. १२१व्यात आठच वचनं, दादर ते कुर्ला दोनदा वाचून होतील. रोज एकच, उभ्याउभ्या.

आणि सुपरवायझरला विचार, महिन्यातून एखादा रविवार बदलून मिळेल का. नाताळच्या सुट्टीचा अर्ज मात्र नोव्हेंबरातच टाक.